'गगन' : विमानाला वाट दाखवणारी यंत्रणा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे एका सहायक शिक्षकाने केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला भूगोलाचा शिक्षक. मी विमान आणि उपग्रह यांवर बोलणार हे पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. आपले नवल खोटे नाही. विमानात मी आजवर एकदाच बसलो आहे, तेही खिडकीपासून दूरच्या जागेवर. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या वर्गातील एका मुलीने मला दिला, आणि दिला तेव्हा मला त्याचे उत्तर येत नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

बुधवार, दिनांक २८ जानेवारी २०२६. सकाळी पावणेनऊच्या सुमारास मुंबईहून आलेले एक छोटे विमान आपल्या बारामतीच्या विमानतळावर उतरताना कोसळले. उपमुख्यमंत्री अजितदादा पवार यांच्यासह विमानातील पाचही जण गेले. त्या दिवसाविषयी येथे बसलेल्या कोणालाही मी काही सांगण्याची गरज नाही. ज्याने त्याने तो आपापल्या घरात सोसला आहे.

सरकारने नंतर जे निवेदन केले, त्यात एवढे आले की सकाळी दृश्यमानता सुमारे तीन किलोमीटर होती, पहिल्या खेपेस वैमानिकांना धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान पुन्हा वर नेण्यात आले, आणि दुसऱ्या खेपेस अपघात झाला. शाळा पुन्हा नीट सुरू झाल्यावर नववीच्या वर्गात मी अक्षांश-रेखांश शिकवत होतो. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, अब्बूंच्या मोबाइलवर आमच्या गल्लीतला बोळसुद्धा दिसतो. मग एवढ्या मोठ्या विमानाला धावपट्टी का सापडत नाही?"

वर्ग शांत झाला. मी म्हणालो, "उद्या सांगतो." तो उद्या यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी जे वाचले, ज्या जाणकारांना विचारले, त्याचा सार आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या अपघाताचे कारण काय, हे ठरवणे तपास करणाऱ्या यंत्रणेचे काम आहे. माझे नाही, आणि चहाच्या टपरीवरचेही नाही. अमुक यंत्र असते तर दादा वाचले असते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे.

आधी आपण मोबाइलपासून सुरुवात करू. मोबाइलला आपली जागा कशी कळते? पृथ्वीभोवती सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात. त्यांतील तीसेक एका वेळी कामावर असतात. प्रत्येकात अत्यंत अचूक अणुघड्याळ असते. उपग्रह सतत एवढेच सांगत असतो की, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने, आपल्यापर्यंत येतो. त्याला लागणारा वेळ सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग. किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर आहे ते कळते. तीन उपग्रहांवरून आपली जागा आणि उंची ठरते. मोबाइलचे साधे घड्याळ मागेपुढे असते, ते दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे गणित करून पाहा. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यांतील एका भागाची चूक घड्याळात झाली, तर अंतरात किती चूक होईल? तीनशे मीटर. म्हणजे आपण शाळेच्या फाटकात उभे असू, तर यंत्र आपल्याला पुढच्या चौकात दाखवील.

पण मुख्य चूक घड्याळाची नसते. ती वाटेत होते. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरच्या वर ते सुमारे हजार किलोमीटरपर्यंत वातावरणाचा एक विरळ थर आहे. सूर्याच्या किरणांनी तेथील अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. म्हणून त्याला आयनांबर म्हणतात. या थरातून येताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो. कधी थोडा, कधी पुष्कळ. दुपारी जास्त, पहाटे कमी. सूर्यावर वादळ उठले की फारच जास्त. संदेश रेंगाळला की यंत्राला वाटते, उपग्रह आहे त्याहून दूर आहे, आणि हिशेब चुकतो.

आपल्या देशात ही अडचण युरोप-अमेरिकेपेक्षा मोठी आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्या पट्ट्यावर हे सुटे इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उसळतात आणि दोन्ही बाजूंना, उत्तरेकडे व दक्षिणेकडे, खाली उतरून दाट होतात. उत्तरेकडचा दाट पट्टा आपल्या देशाच्या मध्यभागावर पडतो. शिवाय सूर्यास्तानंतर त्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या निर्माण होतात आणि उपग्रहांचे संदेश थरथरू लागतात. आकाश आपल्याला निरभ्र दिसते. वर मात्र असा गोंधळ चाललेला असतो.

या सर्व चुकांमुळे मोबाइल पाच-दहा मीटर इकडेतिकडे जातो. कधी त्याहूनही अधिक. आपल्याला त्याने फरक पडत नाही, कारण आपण मान वर करून पाहतो. हे मेडिकलचे दुकान, हा वडाचा पार, हे आपले घर. गेल्या वर्षी इंदापूरहून परतताना मोबाइलने मला भवानीनगरच्या अलीकडे कालव्याच्या कच्च्या वाटेवर नेले. पुढे वाट संपली. तरी मोबाइल मोठ्या आत्मविश्वासाने सांगतच होता, सरळ जा. मी मोटारसायकल वळवली आणि एका उसतोड कामगाराला वाट विचारली. चूक तेवढ्यावर मिटली.

आता हाच प्रसंग वैमानिकावर आणून पाहा. हिवाळ्यात पहाटे बारामती-इंदापूर रस्त्याने जाणाऱ्यांना धुके म्हणजे काय ते ठाऊक आहे. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने संसर, लासुर्ण्यापर्यंत दुधासारखे धुके साचते. पुढे उसाची ट्रॉली आहे की नाही, हे तिच्यावर आदळायच्या बेतात आल्यावर कळते. आपण गाडी बाजूला घेतो आणि थांबतो. वैमानिकाला विमान बाजूला घेऊन थांबता येत नाही.

उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे धावपट्टीपासून एक किलोमीटर दूर असताना ते सुमारे ५२ मीटर उंच असले पाहिजे. तीन किलोमीटर दूर असताना सुमारे १५७ मीटर. दहावीच्या मुलांनी त्रिकोणमितीने हे ताडून पाहावे. जेट विमान त्या वेळी ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर वेगात असते. तीन किलोमीटर दृश्यमानता म्हणजे धावपट्टी दिसल्यापासून टेकेपर्यंत जेमतेम पाऊण मिनिट. तेवढ्यात विमान धावपट्टीच्या मधोमध रेषेत आहे का, उंच आहे का, खाली आहे का, हे सर्व ओळखून सावरायचे.

म्हणून मोठ्या विमानतळांवर आयएलएस नावाची यंत्रणा असते. धावपट्टीच्या टोकाला आणि बाजूला उभ्या केलेल्या अँटेना दोन रेडिओ किरण सोडतात. एक किरण डावे-उजवे सांगतो, दुसरा वर-खाली. वैमानिक ढगात असला तरी समोरच्या काट्यांवरून त्याला वाट कळते. साध्या, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर तो जमिनीपासून साठ मीटरपर्यंत खाली येऊ शकतो. तेथेही धावपट्टी दिसली नाही तर विमान पुन्हा वर न्यायचे, असा नियम आहे.

परंतु आयएलएस प्रत्येक धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला वेगळी लागते. सपाट, मोकळी जागा लागते. वीज लागते, माणसे लागतात, खास विमान उडवून वेळोवेळी तपासणी करावी लागते. दिवसाला चार विमाने येणाऱ्या गावाला हा खर्च झेपत नाही. बारामतीच्या धावपट्टीवर त्या दिवशी आयएलएस नव्हती. येथे प्रामुख्याने शिकाऊ वैमानिक उडत आले आहेत, आणि त्यांचा सारा व्यवहार डोळ्यांनी पाहून चालतो. इंदापूर तालुक्यातील पालकांना २५ जुलै २०२२ चा दिवस आठवत असेल. कडबनवाडीच्या शिवारात एक शिकाऊ विमान शेतात कोसळले आणि ते चालवणारी तरुण मुलगी थोडक्या जखमांवर बचावली. त्या अपघाताचा धुक्याशी काही संबंध नव्हता. मी तो एवढ्यासाठी सांगतो की, हे आकाश आता आपल्या शिवाराचाच भाग झाले आहे. विमान ही दूरच्या श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही.

मग ज्या धावपट्टीवर आयएलएस नाही, तिने काय करायचे? याचे एक उत्तर 'गगन' हे आहे.

'गगन' हे नाव 'जीपीएस एडेड जिओ ऑगमेंटेड नेव्हिगेशन' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ही यंत्रणा उभी केली. खर्च सुमारे ७७४ कोटी रुपये. ही जीपीएसच्या जागी आलेली नवी यंत्रणा नव्हे. जीपीएसच्या चुका शोधून त्या दुरुस्त करणारी ही यंत्रणा आहे. आपल्या देशाची 'नाविक' म्हणून जी उपग्रहमालिका आहे, ती वेगळी. विद्यार्थ्यांनी परीक्षेत दोन्हींची गल्लत करू नये.

'गगन' कसे चालते, हे समजावून घ्यायला मला कुठल्या प्रयोगशाळेत जावे लागले नाही. ते मला बारामतीच्या मंडईत कळले. येथे बसलेल्या बागवान मंडळींना हे माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तराजू खरा की खोटा, हे कसे ओळखायचे? त्यावर शिक्क्याचे वजन ठेवायचे. पाच किलोचे खरे वजन ठेवले आणि काट्याने पाच किलो शंभर ग्रॅम दाखवले, तर काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवतो हे कळले. आता त्यावर डाळिंबे मोजा, केळी मोजा. प्रत्येक वेळी शंभर ग्रॅम वजा करा. काटा चुकीचा असला तरी माप बरोबर निघेल. ऊस उत्पादकांनाही हे सांगायला नको. कारखान्याच्या वजनकाट्यावर आपला विश्वास कशावर असतो? काट्यावर नसतो, तो तपासणाऱ्या प्रमाणित वजनावर असतो.

'गगन'ची शिक्क्याची वजने म्हणजे देशभर पसरलेली १५ संदर्भ केंद्रे. जम्मूपासून तिरुवनंतपुरमपर्यंत, पोरबंदर व जैसलमेरपासून दिब्रुगड व पोर्ट ब्लेअरपर्यंत. महाराष्ट्रातील केंद्र नागपुरास आहे, आणि शेजारी गोव्यात एक आहे. या प्रत्येक केंद्राची जागा अत्यंत बारकाईने मोजून ठेवलेली आहे. ते केंद्र जीपीएसला सतत विचारते, मी कोठे आहे? जीपीएस जे उत्तर देते आणि जी खरी जागा आहे, त्यांतील फरक म्हणजे त्या क्षणाची चूक. ही सर्व माहिती बंगळूरच्या मुख्य केंद्रात जाते. तेथे हिशेब होतो. उपग्रहाचे घड्याळ किती चुकले, त्याची कक्षा किती चुकली, आणि देशाच्या कोणत्या भागावर आयनांबर या क्षणी किती दाट आहे, याचा एक तक्ताच तयार होतो. ही दुरुस्ती मग वर पाठवली जाते आपल्या देशाच्या उपग्रहांकडे. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, जमिनीवरून पाहता एकाच जागी स्थिर असतात. तेथून ती दुरुस्ती खाली प्रक्षेपित होते आणि आकाशातील विमान ती घेते. हे सर्व काही सेकंदांत.

या कामाची उपकरणे जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांवर बसवण्यात आली. ते अनुक्रमे २०११, २०१२ आणि २०१५ मध्ये सोडले गेले. त्यापूर्वीची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. 'गगन'चे उपकरण घेऊन पहिल्यांदा निघाला तो जीसॅट-४. १५ एप्रिल २०१० रोजी त्याचे उड्डाण अयशस्वी झाले आणि उपग्रह समुद्रात गेला. कित्येक वर्षांची मेहनत काही मिनिटांत बुडाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात जीसॅट-८ वर गेला. नापास झालेल्या मुलाला आपण घरात जे बोलतो, ते बोलण्यापूर्वी हा इतिहास आठवावा, एवढीच पालकांना विनंती.

अशी यंत्रणा जगात पहिल्यांदा अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केली. जपान व युरोप नंतर आले. तेथील गणित जसेच्या तसे उचलून भारताला चालले नाही, कारण त्यांच्या डोक्यावर आपल्यासारखे खवळलेले आयनांबर नाही. आपल्या शास्त्रज्ञांना देशाच्या निरनिराळ्या भागांतून मापे गोळा करून आपल्या आकाशासाठी वेगळी रीत बसवावी लागली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 'गगन'ला विमानाच्या मार्गक्रमणासाठी ३० डिसेंबर २०१३ रोजी मान्यता दिली. विमान उतरवताना उंचीचे मार्गदर्शन करण्यासाठीची मान्यता २१ एप्रिल २०१५ रोजी मिळाली.

आता आपण म्हणाल, सर, चूक दहा मीटरवरून दोन-तीन मीटरवर आली, एवढेच ना? मीही प्रथम असेच समजत होतो. पण ज्या जाणकाराला मी विचारले, त्याने मला थांबवले. तो म्हणाला, अचूकपणा हा 'गगन'चा लहान गुण आहे. मोठा गुण वेगळाच आहे.

तो मोठा गुण म्हणजे प्रामाणिकपणा.

मोबाइल मला कच्च्या वाटेवर नेत होता तेव्हा त्याची चूक झाली, हा त्याचा खरा दोष नव्हे. चूक कोणाचीही होते. आपण चुकतो आहोत हे त्याने मला सांगितले नाही, हा खरा दोष. 'गगन' दुरुस्तीबरोबर आणखी एक आकडा सतत पाठवत असते. त्याच्या आधारे विमानातील यंत्र वैमानिकाला सांगते की, या क्षणी माझी चूक जास्तीत जास्त इतकी असू शकेल, याहून अधिक नाही. ती मर्यादा उतरण्यासाठी ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली, किंवा एखादा उपग्रह भलतेच सांगू लागला, तर यंत्र लगेच इशारा देते, माझ्यावर विसंबू नका. २०१५ मध्ये 'गगन'ला ज्या प्रतीच्या उतरणीसाठी मान्यता मिळाली, तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की हा इशारा दहा सेकंदांच्या आत मिळालाच पाहिजे. आणि यंत्राने खोटे सांगावे व इशाराही देऊ नये, असे पन्नास लाख उतरणींत एकदाहून अधिक होता कामा नये. वजनमापे खात्याच्या इन्स्पेक्टरने बिघडलेल्या काट्यावर चिठ्ठी लावावी, 'हा काटा वापरू नये', तशी ही चिठ्ठी आहे. ती दहा सेकंदांत लागते.

माझ्या वर्गातील मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मोबाइल जागा दाखवतो, पण तिची हमी देत नाही. जमिनीपासून दीडशे मीटरवर, ढगात, माणसांचे जीव घेऊन जाणाऱ्याला नुसती जागा पुरत नाही. त्याला हमी लागते, आणि हमी देता येत नसेल तर तसे वेळेवर सांगणारा सोबती लागतो.

याचा प्रत्यक्ष उपयोग काय झाला? २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगो कंपनीचे एटीआर जातीचे विमान राजस्थानात अजमेरजवळच्या किशनगड विमानतळावर 'गगन'च्या मार्गदर्शनाखाली उतरले. आशिया-प्रशांत भागात अशा प्रकारे प्रवासी विमान उतरण्याची ती पहिलीच वेळ. या पद्धतीत जमिनीवर अँटेना उभारावी लागत नाही, तरी आयएलएसच्या जवळपास जाईल असे डावे-उजवे व वर-खाली दोन्ही मार्गदर्शन मिळते. साधारण ७५ मीटरपर्यंत खाली येता येते. अमेरिकेत अशा चार हजारांहून अधिक उतरणी आखलेल्या आहेत, आणि त्यांतील कित्येक आपल्या बारामतीसारख्या छोट्या गावांच्या, आयएलएस नसलेल्या धावपट्ट्यांवर आहेत. लहान गावाला मोठ्या शहराच्या तोडीची सुरक्षितता देता येते, हा या यंत्रणेचा सर्वांत मोठा फायदा मला वाटतो.

दुसरे फायदे थोडक्यात सांगतो. विमानांना जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून वळणे घेत जाण्याऐवजी सरळ मार्ग आखता येतात. वेळ वाचतो, इंधन वाचते. 'गगन'च्या उपग्रहांचा संदेश समुद्रावरही दूरवर पोहोचतो. आपल्यातील कित्येक घरांतील मुले आखातात नोकरीला आहेत. ईदला ती ज्या विमानाने घरी येतात, त्याची वाट अरबी समुद्रावरून येते, जेथे जमिनीवरचे केंद्र उभारायला जमीनच नाही. २०१९ मध्ये मच्छिमारांसाठी 'जेमिनी' नावाचे उपकरण निघाले. किनाऱ्यापासून दूर, मोबाइलची रेंज संपते तेथे, वादळाचा इशारा 'गगन'च्याच वाटेने नावेपर्यंत पोहोचतो.

परंतु या यंत्रणेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी प्रामाणिकपणावर बोलणे योग्य होणार नाही. पहिले असे की, 'गगन' आकाशातून बरसत असले तरी ते आपोआप कोणत्याही धावपट्टीला लागू पडत नाही. आधी त्या धावपट्टीची आणि आसपासच्या टेकड्या, मनोरे, विजेच्या तारा, झाडे यांची बारकाईने मोजणी करावी लागते. त्यावरून उतरण्याचा मार्ग आखून, उडवून तपासून, मंजूर करून प्रसिद्ध करावा लागतो. विमानात 'गगन'चा संदेश घेणारे उपकरण लागते. भारतात नोंदणी होणाऱ्या नव्या विमानांत ते असावे, असे २०१६ च्या धोरणात ठरले. त्यासाठी प्रथम १ जानेवारी २०१९ ही तारीख होती, पुढे ती १ जुलै २०२१ झाली. जुन्या विमानांचा प्रश्न राहतोच. आणि वैमानिकाला त्याचे शिक्षण लागते. या साखळीतील एक कडी नसेल तर बाकीच्या असून नसल्यासारख्या.

दुसरे असे की, उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत फार क्षीण होतो. त्याला कोणी मुद्दाम झाकू शकतो, किंवा खोटा संदेश पाठवून विमानाला फसवू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात असे खोटे संदेश आल्याचे सरकारने संसदेतही मान्य केले. म्हणून जमिनीवरची जुनी साधने मोडीत काढून चालत नाही. आणि तिसरे असे की, कोणतेही यंत्र धुके हटवत नाही. 'आता पुरे, परत फिरू' हा निर्णय शेवटी माणसालाच घ्यावा लागतो. यंत्र फक्त तो निर्णय वेळेवर घ्यायला मदत करते.

पालकहो, हे सर्व आपल्याला कशासाठी सांगितले? दोन कारणांसाठी.

एक, नागरिक म्हणून. आपण रस्ता मागतो, पाणी मागतो, एसटीची फेरी मागतो, कारण त्यांची आपल्याला माहिती असते. आपल्या गावच्या धावपट्टीवर काय हवे, हे विचारायचे तर आधी काय असू शकते ते ठाऊक हवे. दुःख झाले की आपण घोषणा देतो आणि चार महिन्यांनी विसरतो. त्याऐवजी योग्य प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे. आपल्या धावपट्टीची मोजणी झाली का? 'गगन'वर आधारलेला उतरण्याचा मार्ग आखता येईल का? तेथे हवामानाची नोंद घेणारा कोण? असे प्रश्न शांतपणे, लेखी विचारणारे गाव मागे राहत नाही.

दोन, पालक म्हणून. या 'गगन'मागे किती प्रकारची माणसे काम करतात पाहा. संदर्भ केंद्र सांभाळणारे तंत्रज्ञ, आयनांबराचा हिशेब करणारे गणिती, उतरण्याचे मार्ग आखणारे, मनोऱ्यात बसून विमानांना सूचना देणारे, विमानातील उपकरणे दुरुस्त करणारे. विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रक व्हायला पदार्थविज्ञान व गणित घेऊन विज्ञान शाखेची पदवी, किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, आणि स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. विमान देखभालीच्या शिक्षणाला बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व गणित लागते. वैमानिक होण्याचा खर्च फार मोठा आहे, ते मी लपवत नाही. पण बाकीच्या वाटांना लागते ते मुख्यतः गणित, आणि गणिताला लागते ती चिकाटी.

आणि येथेच आमचे घोडे अडते. दहावी झाली की पालक मला सांगतात, "सर, मुलगी आहे, गणित कशाला? आर्टसला घाला, घराजवळ आहे." मी स्वतः आर्टसचा. कलाशाखेला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. तिनेच मला भाकर दिली. पण मुलीला काय आवडते ते न विचारता, जवळ आहे म्हणून शाखा ठरवणे, हे काटा न तपासता माप घेण्यासारखे आहे. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला, तिला मी उत्तर देऊ शकलो नाही. तिच्यासारखीच एखादी, दहा-बारा वर्षांनी, नागपूरच्या त्या केंद्रात किंवा एखाद्या मनोऱ्यात बसून असे प्रश्न सोडवत असेल, ही आशा धरायला काय हरकत आहे?

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हाला एकच सांगतो. 'गगन'कडून शिकण्यासारखी गोष्ट उंच जाणे ही नव्हे. शिकण्यासारखी गोष्ट ही की, आपल्याला जे ठाऊक आहे ते अचूक सांगावे, आणि जेव्हा ठाऊक नसेल तेव्हा दहा सेकंदांच्या आत म्हणावे, 'मला ठाऊक नाही, माझ्यावर विसंबू नका.' परीक्षेत, व्यवहारात, घरात, हे एवढे जमले तरी पुष्कळ अपघात टळतात. शिक्षकांनाही हा नियम लागू आहे. त्या दिवशी वर्गात मी "उद्या सांगतो" म्हणालो. "मला ठाऊक नाही" म्हणालो असतो, तर ते अधिक बरोबर झाले असते.

 आपल्या गावावर उतरणारे प्रत्येक विमान सुखरूप उतरो, आणि त्यातील प्रत्येक माणूस आपल्या घरी पोहोचो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.